वळचणीतली लोकर

रेइयोने तारेचा ब्रश लाकडांच्या राशीत खोल खुपसला, वर दोन ओंडके टाकले, आणि तेवढ्यात घर तपासायला येणारी गाडी अंगणात वळली. बाहेर उणे बावीस होतं, तरी त्याच्या कानशिलांवरून घाम ओघळत होता. घराच्या बाजूला माळ्याची शिडी तशीच उभी होती. ती आडवी करायला आता वेळ नव्हता.

तो आत आला तेव्हा सिर्क्का खोकत होती. खोकला थांबेपर्यंत तो श्वास धरून दारातच उभा राहिला.

नाताळच्या आधी ती खोकू लागली होती. डॉक्टर म्हणाले, घर तपासून घ्या. तांपेरे शहरात राहणाऱ्या लेकीने तर फोनवरच निकाल लावला होता: बुरशी हुंगणारं कुत्रं घरात कुठेही बसलं, तर आई माझ्याकडे येईल, मग त्या घराचं काय करायचं ते बाबांनी बघावं. कोपऱ्यावरच्या बिरगिट्टाच्या घरात बुरशी निघाली, तेव्हा घरावर बुलडोझर फिरला आणि तिला कपाटातले कपडेसुद्धा बरोबर नेता आले नाहीत. रेइयोच्या बापाने हे घर लढाईवरून लंगडत परतल्यावर स्वतःच्या हातांनी बांधलं होतं. घर जाईल याची रेइयोला भीती होती, सिर्क्का जाईल याची त्याहून जास्त. रात्री झोप उडायची ती मात्र त्याने स्वतः जे करून ठेवलं होतं त्याच्या धास्तीने.

"कॉफी विचारली असती," सिर्क्का कुत्री घेऊन आलेल्या काइसाला म्हणाली, "पण वासाने कुत्री चुकेल म्हणून सकाळपासून काही उकळायचं नाही, असं तुम्हीच सांगितलंत. ह्याचं तोंड बघा. जसं काही सुतक पडलंय."

"कॉफीवाचून सगळेच असे दिसतात," काइसा हसली आणि वाकून तिने कुत्रीचा पट्टा सोडला. "हिल्लाचं काम झालं की दोन कप घेईन. बुरशीचा वास आला की ती खाली बसते. नाही बसली, तर घर चोख."

दोन हिवाळ्यांपूर्वी पाय गारठतात म्हणून सिर्क्का कुरकुरत होती. रेइयोने माळ्यावर चढून, छप्पर भिंतीला टेकतं त्या वळचणीत बोटभर फट होती तिच्यात सगळीकडून लोकर ठासली. वारा थांबला. सिर्क्काने कौतुकही केलं. ती फट बापाने मुद्दाम ठेवली होती. लहानपणी रेइयोने कारण विचारलं, तर तो म्हणाला होता, "घराला नाक लागतं." हे आठवलं ते या नोव्हेंबरात, नाताळात घरात मांडायची पेंढ्याची बकरी काढायला तो वर गेला तेव्हा. छपरातून आत आलेल्या प्रत्येक खिळ्याच्या टोकावर कोंडलेल्या दमट हवेचं हिम धरलं होतं आणि फळ्या बुरशीने काळ्या पडल्या होत्या.

लोकर काढली तर तिचे पाय पुन्हा गारठतील, आणि का काढली हेही सांगावं लागेल. त्याने ती तशीच ठेवली. लाकडं फोडतो म्हणून तो वर जाई आणि तारेच्या ब्रशाने फळ्या खरवडी. ती खोकू लागली तसा तो रोज जाऊ लागला.

हिल्लाने स्वयंपाकघर हुंगलं, कोठी हुंगली, निजायच्या खोलीत पलंगाखाली शिरून बाहेर आली. बसली नाही. तळघरातूनही तशीच परतली. रेइयोच्या जिवात जीव आला.

बैठकीत टीव्हीसमोर दोघांच्या दोन खुर्च्या होत्या. हिल्ला रेइयोच्या खुर्चीपाशी गेली, पाठीला नाक लावलं आणि खाली बसली.

काइसाने मागच्या भिंतीला ओल मोजायचं यंत्र लावून पाहिलं. "भिंत कोरडी आहे," ती पुटपुटली. तिने खुर्ची उचलून पलीकडच्या कोपऱ्यात ठेवली. हिल्ला खुर्चीमागोमाग गेली, पुन्हा बसली. मग उठली, सरळ रेइयोकडे आली, त्याच्या स्वेटरच्या बाहीला नाक टेकवलं, आणि त्याच्यापुढे बसून राहिली.

"माणसापुढे ती कधीच बसत नाही," काइसा म्हणाली.

सिर्क्का स्वेटरकडे बघत होती. तो तिनेच विणला होता.

"हा घालून कुठे जातोस तू?"

"लाकडं फोडायला."

"एवढी लाकडं? आपण काय गावाला जेवण घालणार आहोत?"

आढ्याचं पाणी वळचणीला यायचंच. रेइयो मटकन खुर्चीत बसला आणि त्याने सगळं सांगितलं, खिळ्यांवरच्या हिमापासून लाकडांच्या राशीतल्या ब्रशापर्यंत.

काइसा विजेरी घेऊन शिडीने वर गेली. ती परत आली तेव्हा तिच्या भुवयांवर हिम होतं.

"फळ्या आतून धड आहेत. लोकर आजच उपसा. वारा लागू द्या, मग जाणत्या माणसाकडून साफ करून घ्या. घराला काही होत नाही. वरचं खाली झिरपलेलं नाही, खालच्या खोल्या स्वच्छ आहेत."

"मग हिचा खोकला?" रेइयोने विचारलं.

काइसाची नजर एकदा त्याच्या बाहीवर गेली आणि मग हिल्लाला पट्टा लावण्यात ती गुंतली.

रेइयो उठला. कोट न घेताच तो बाहेर पायरीवर आला. त्याने स्वेटर डोक्यावरून ओढून काढला आणि लांब बर्फात भिरकावला. रोज संध्याकाळी तो हाच स्वेटर अंगात घालून तिच्या शेजारी बसत होता, ती खोकली की जवळ सरकून तिची पाठ चोळत होता. नुसत्या गंजीफ्राकावर तो थंडीत उभा राहिला. त्याला आत जायचं धैर्य होईना.

मागे दार करकरलं.

"पाय गारठले तर मी दोन मोजे घालेन," सिर्क्का म्हणाली. "तू आधी आत ये. कॉफी ठेवलीय."