पहिलवानाचा डबा

ज्या वर्षी धाकट्या लेकीचं लग्न ठरलं, मोडलं आणि पुन्हा त्याच मुलाशी लागलं, त्याच वर्षी संशोधन संस्थेतल्या सशांच्या राखणदाराचं कोलेस्टेरॉल वाढलं. डॉक्टरांनी तळणं बंद करून सोया खायला सांगितलं. त्याची बायको त्याच संस्थेची खानावळ चालवत होती. तिनं डॉक्टरांचा शब्द असा धरला, की रोज दुपारच्या डब्यात नुसत्या उकडलेल्या सोयाच्या वड्या. ना तेल, ना मीठ.

चवीचं त्याला फारसं काही नव्हतं. त्याला भीती वाटत होती. प्रयोगवाल्या बाईंनी त्याच्याच सशांवर सोयाचा प्रयोग मांडला होता. एका ओळीला सोयाचं खाद्य, समोरच्या ओळीला दुधातल्या प्रथिनांचं, आणि कोणाचं कोलेस्टेरॉल किती चढतं ते पाहायचं. पिंजरे धुताना बाईंचं बोलणं त्याच्या कानावर पडलं, की सोयात बायकांच्या हार्मोनसारखं काहीतरी असतं, तेव्हा नरांवर काय परिणाम होतो तेही तपासू. तेवढं ऐकून गड्याचा हात मिशीवर गेला. पुढचं त्यानं ऐकलंच नाही.

घरी हे सांगायची सोय नव्हती. बायकोनं खानावळभर केलं असतं. मग त्यानं स्वतःपुरता न्याय केला. सोयाच्या ओळीला सोया मिळतोच आहे, तर बिचाऱ्या दुधाच्या ओळीनं काय पाप केलंय? त्या ओळीत पहिलवान होता, एका कानानं मोडका, काळापांढरा, दांडगा ससा, राखणदाराच्या गळ्यातला ताईत. डब्यातल्या वड्या तो त्यालाच घालू लागला. बिनमिठाच्या, त्यामुळे सशाला चालल्या. मिटक्या मारत खायचा. डबा घरी लख्ख जायचा, बायको खूश व्हायची, आणि राखणदार फाटकाबाहेर जाऊन तळलेलं काहीबाही खाऊन यायचा.

उन्हाळा सरता सरता सगळ्या सशांचं रक्त तपासलं. दुधाच्या ओळीचं कोलेस्टेरॉल आभाळाला टेकलेलं, एकट्या पहिलवानाचं जमिनीवर. बाई चक्रावल्या. याच्या यकृतातच काहीतरी निराळं असणार, म्हणाल्या, सोमवारी कापून बघू.

राखणदार पेचात पडला. बोलावं तर नोकरी जाणार, वर बायको सोलून काढणार. न बोलावं तर पहिलवान जाणार. शनिवारभर तो एकच पिंजरा पुसत राहिला. संध्याकाळी बाई पिशवी उचलून निघाल्या तेव्हा दारात आडवा उभा राहिला, आणि वड्यांपासून मिशीपर्यंत सगळं ओकून मोकळा झाला.

बाई आधी भडकल्या. प्रयोगाचा पार विचका केलात, पुन्हा पिंजऱ्यापाशी डबा दिसला तर कायमचे घरी बसाल, म्हणाल्या. मग एकदम थांबल्या.

"काका, म्हणजे सगळा उन्हाळा ह्यानं रोज सोया खाल्ला?"

"रोज. सुट्टी सोडून."

"आणि मागं कडी उचकटून माद्यांच्या पिंजऱ्यात कोण शिरलं होतं?"

राखणदारानं कोपऱ्याकडे पाहिलं. दोन माद्या आपापली पिल्लं पाजत पडल्या होत्या. एकजात काळीपांढरी.

"हाच," तो पुटपुटला.

पहिलवानाला कापलं नाही, प्रयोगातून काढून टाकलं. बाईंनी शिक्षा म्हणून एवढंच केलं, की स्वतः खानावळीत जाऊन सगळी हकिगत सांगितली.

तेव्हापासून बायको डबा घेऊन स्वतः यायला लागली. पहिलवानाच्या पिंजऱ्याशेजारी स्टूल टाकून नवऱ्यासमोर बसायची.

"औषध तुम्हाला आणि गुण सशाला," ती म्हणायची. "खा गुमान. त्याची मिशी बघा, एक केस तरी गळलाय का?"

राखणदार बघायचा. गळला नव्हता. मग तो वडी तोंडात टाकायचा.

नात चालायला लागली त्या वर्षी पहिलवान म्हातारपणानं मेला. राखणदार पुढं पुष्कळ वर्षं सोया खात जगला. त्याच नातीच्या लग्नानंतरच्या थंडीत एका दुपारी तो जेवून आडवा झाला, आणि झोपेतच गेला.