मातीहून आल्यावरचा चहा

घाटनांदूरला स्टेशनाकडं जाणाऱ्या गल्लीत मन्मथ आप्पाचं चहाचं हॉटेल. हॉटेल म्हणजे काय, तर दोन बाकडी, एक भट्टी आणि आप्पाचं तिखट तोंड. पण गल्लीत कुणाच्या घरी माणूस गेलं की त्या घरची चूल पेटत नाही, आणि मातीहून परतलेल्यांच्या हातात पहिला चहा पडतो तो आप्पाच्याच किटलीतला. कुणाला सांगावं लागत नाही, आप्पा पैसे घेत नाही. तीस वर्षं हे असंच चालत आलंय.

आणि आज ताराबाई गेली. सुग्रीवची बायको.

सुग्रीव चार घरं पलीकडचा म्हशीवाला. चोवीस वर्षं हॉटेलला त्याचंच दूध. सहा वर्षांमागं एका सकाळी आप्पा भर गिऱ्हाइकात बोलून गेला, "सुग्रीव, दूध घातलंस का नुसतं पाणी?" दूध चांगलंच होतं. भगुण्यात आदल्या दिवसाचं पाणी राहिलं होतं, ते आप्पानंच ओतून टाकलं नव्हतं. दुपारी त्याला ते उमगलंही. पण जाऊन सांगेल तो आप्पा कसला! सुग्रीवनं दूध बंद केलं, बोलणं बंद केलं, ताराबाईचंही चहाला बाकड्यावर टेकणं सुटलं.

"अवो, किटली भरू का?" महानंदानं नवऱ्याला विचारलं. "माणसं मातीहून आली."

"कुणी सांगाय आलं का आपल्याला?"

"आजवर कोण आलतं सांगाय?"

आप्पा हळूच म्हणाला, "त्यानं समद्यांदेखत पिला न्हाई म्हंजे?"

"न्हाई पिला तर न्हाई. तुमी जा."

गेला बिचारा. अंगणात माणसं बसली होती. किटली बघून बोलणी थांबली. सुग्रीव भिंतीला टेकून बसलेला, पार वाळून गेलेला. आप्पानं पहिला कप त्याच्याच पुढं धरला.

"सुग्रीव, त्या दिवशी दूध चांगलं व्हतं. चूक माजी व्हती."

सुग्रीवनं कप घेतला. सावकाश, तळ दिसेस्तोवर प्याला. आप्पाच्या छातीवरचा सहा वर्षांचा धोंडा उतरला, डोळे भरून आले.

"दवाखान्यातून आणल्यापासून मागत व्हती," सुग्रीव म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. "आप्पाच्या हातचा चहा आणा म्हणायची. घरी करून दिला तर तोंड फिरवायची. दोनदा थर्मास घेऊन आलतो तुज्या दारात. तू वर बघितलं न्हाईस. गिऱ्हाईक लई व्हतं, तुला दिसलो नसन म्हणून मागं फिरलो."

दिसला होता. दोन्ही वेळा दिसला होता. हातातला थर्माससुद्धा दिसला होता. आला शेवटी गडी, आता आधी त्यालाच बोलू दे, असं म्हणून आप्पानं मुद्दाम भट्टीत मान घातली होती. वर बघितलं तेव्हा रस्ता रिकामा होता.

"न्हाई रे," आप्पा म्हणाला, "न्हाई दिसलास." आणि तो पुढच्या माणसाच्या कपात चहा ओतू लागला.