सोमवारचा खण

पाणी आणि औषध वेळेवर सुटलं तरच माणूस जगतो, असं शिवप्पा अख्ख्या रेणापूरला ऐकवीत असे. नगरपंचायतीचा व्हॉल्व्हमन तो. तेवीस वर्षं गल्लीगल्लीत पाणी सोडलेलं, तेव्हा बोलायचा अधिकार होताच. मंगळवारी सकाळी हेच शेजाऱ्याला समजावून तो घरात आला, तर आई सिद्धम्मा घामाने निथळत होती.

"मालक, बैलं सोडली का?" तिने त्याला विचारलं.

मालक, म्हणजे शिवप्पाचे वडील, जाऊन अकरा वर्षं झाली होती. बैलं त्याच्याही आधी गेली होती.

शिवप्पाने आईच्या मधुमेहाच्या गोळ्यांची सात खणांची डबी उघडली. सोमवार रिकामा, मंगळवार रिकामा. शिस्त चोख, तरी हे असं. म्हणजे साखर वाढली असणार! बुधवारची गोळी काढून त्याने आईच्या ओठाशी नेली.

बायकोने, उमाबाईने, मनगट धरलं. "आधी सुई तर टोचा! व्हॉल्व्ह समजलाव का, दिसला की पिळायचा?"

मशीनवर आकडा आला : शेहेचाळीस.

"कमी झालीय! साखर आन, साखर!" शिवप्पा बायकोवर ओरडला.

साखर शिवप्पानेच लपवली होती, आईच्या हाती लागू नये म्हणून. कुठे, ते आता आठवेना. डबे धडाधड पडत होते. सिद्धम्माची मान कलायला लागली. शेवटी पिठाच्या डब्यातून उमाबाईने पुडकं ओढलं.

"अव्वा, गीळ. माझ्याकडं बघ, अव्वा."

शिवप्पा चमच्यामागून चमचा भरवत होता. बाहेर बायका पाण्यासाठी ओरडत होत्या. तेवीस वर्षांत पहिल्यांदा पाणी सुटलं नव्हतं.

"शिवप्पा, रडायलास कशाला रं?" आईने डोळे उघडले.

"काय खाल्लंस, अव्वा?"

"कालची गोळी अन् आजची. काल सोमवार व्हता. उपासाला गोळी चालतीय व्हय? पदराला बांधून ठिवलती."

"दर सोमवारी?"

"मंग! फेकून देऊ का?"

आजवर निभावलं होतं. पण मागल्या आठवड्यात डॉक्टरांनी गोळीची ताकद वाढवली होती. फोनवर ते म्हणाले, साखर पुन्हा उतरेल, लगेच आणा.

रिक्षा दारात आली. शिवप्पाने आईला उचललं. रिकाम्या घागरीएवढीच भरली ती.

"डबी घितलीस का रं?"

"घितली, अव्वा."

"सोमवारचा खण रिकामाच ऱ्हातोय. त्यात माझी सुपारी ठिव."