दोन नोंदींची एक

तिने बाबांच्या संगणकावरची यादी तिसऱ्यांदा वरपासून खालपर्यंत चाळली. चौदाशे सहा पुस्तकं, प्रत्येक एकदाच. आईच्या टिपा मात्र कुठेच नव्हत्या.

“सापडतील,” बाबा म्हणाले आणि आधीच स्वच्छ असलेला चष्मा पुन्हा पुसू लागले.

आई-बाबा दोघंही इतिहासाचे प्राध्यापक. दोघांनी मिळून एक ग्रंथ लिहायला घेतला होता, आणि वाचलेल्या पुस्तकांच्या नोंदी दोघंही लेकीच्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये करायचे. संदर्भ जपायचे आणि शेवटी त्यांची सूची मांडून द्यायची, हे त्या सॉफ्टवेअरचं काम. त्यातले रकाने आणि बटणं कुठे, कशी असावीत, हे ठरवणं लेकीचं. प्रत्येक नोंदीखाली टिपेला जागा होती. पुस्तक आधी आई वाचायची, मग बाबा. आईच्या टिपा पुस्तकावर कमी आणि बाबांच्या नेहमीच्या मतांवर जास्त असत.

आईला जाऊन वर्ष झालं होतं. तिच्या वाटणीची दोन प्रकरणं राहिली होती. ती प्रकरणं तिच्या टिपांवरूनच लिहायची, असा बाबांचा हट्ट. त्यासाठीच त्यांनी लेकीला बोलावून घेतलं होतं.

“बाबा, तुम्ही ‘एकत्र करा’ दाबलं होतं का?”

“दाबलं की. एकेक पुस्तक दोनदा दिसायचं, तिचं एक, माझं एक. म्हटलं, आपल्या पोरीने केलेलं बटण आहे, दाबून बघू. एका दमात सगळा पसारा आवरला गं.”

त्यांच्या आवाजात अजूनही कौतुक होतं. दोन नोंदींची एक करताना ते बटण नवी ठेवायचं आणि जुनी, म्हणजे आईची, टाकून द्यायचं, टिपेसकट. पूर्वी मध्येच एक चौकट येऊन विचारायची, यातली कोणती टीप ठेवू? चाचणीला आलेली माणसं तिथे अडखळायची, वैतागायची. म्हणून तिने ती चौकटच काढून टाकली. माणसाला फार प्रश्न विचारू नयेत, असं तिने बैठकीत ठासून सांगितलं होतं, आणि साहेबांनी सगळ्यांदेखत तिची पाठ थोपटली होती. त्या शाबासकीची तिला आता लाज वाटली.

“कधी दाबलंत?”

“झाले सहा महिने.”

टाकलेल्या नोंदी तीस दिवस परत मिळायच्या. मग कायमच्या पुसल्या जायच्या.

“मला तेव्हाच सांगायचं ना.”

“फोन केला होता. दोनदा. तू मीटिंगमध्ये होतीस, नंतर करते म्हणालीस.” बाबांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. “मग म्हटलं, माझंच काहीतरी चुकीचं दाबलं गेलं असेल. तुझ्या कामाला उगाच कशाला नावं ठेवायची?”

तिला ते फोन आठवले. नंतर करते, असं ती अगदी मनापासून म्हणाली होती, आणि तितक्याच सहजपणे विसरून गेली होती.

“तुमचं काही चुकलं नाही, बाबा. माझं चुकलं. त्या बटणाने आधी विचारायला हवं होतं.”

“म्हणजे परत येणार नाहीत?”

“नाही.”

तिने उगाच एक नोंद उघडली. टिपेच्या जागी बाबांनी गेल्याच आठवड्यात लिहिलं होतं: इथे ती माझ्याशी भांडली होती. मुद्दा आठवत नाही. बहुतेक तिचंच खरं असावं.

तिने पुढची उघडली. त्यातही बाबांचंच: इथे तिने तीन ओळी लिहिल्या होत्या. शेवटी उद्गारचिन्ह होतं.

त्यापुढची: इथे काय होतं, काही केल्या आठवत नाही.

“तू वाचायचीस ना तिच्या टिपा?” बाबांनी विचारलं. “तिने तुला दाखवल्या होत्या. एखादी आठवते?”

आईने दाखवल्या होत्या, हे खरं. पण तेव्हा लेक रकान्याची रुंदी बघत होती. अक्षरं कडेला नीट वळतात की नाही, एवढंच तिने पाहिलं होतं. तिने खूप आठवून बघितलं.

“जागा पुरत नाही, म्हणायची,” ती शेवटी म्हणाली. “टिपेला जरा जास्त जागा दे गं, म्हणाली होती.”

बाबांनी कीबोर्ड स्वतःकडे ओढला आणि एका बोटाने, अक्षर शोधत शोधत, समोरच्या नोंदीच्या टिपेत तेवढं लिहून घेतलं.