बाईंकडची चावी

घर बघायला गेले की लोक नळ सोडून बघतात, भिंतीवर टिचक्या मारतात, खिडकीतून ऊन किती येतं ते बघतात. मी दार बघतो. माझा धंदाच कुलपांचा. दुकानात चाव्या घासून द्यायच्या आणि कुणी घराबाहेर अडकलं की पिशवी उचलून निघायचं. चावीच्या भोकाभोवतीचं पितळ झिजून मऊ झालं असेल तर समजावं, एकच माणूस तिथे वर्षानुवर्षं चावी फिरवतोय. एकाच दारावर जुन्या कुलपांची बुजवलेली भोकं दिसली, तर तिथे भाडेकरू टिकत नाहीत. आणि कुलपाच्या वर साखळी, साखळीच्या वर जाळी असली, तर त्या गल्लीत कुणाचा कुणावर भरवसा नाही.

"उद्या स्वर्गात गेले ना, तरी हे आधी तिथल्या बिजागऱ्या बघतील," बायको सगळ्यांना सांगत असते. सांगू दे. सवयच आहे मला, काय करू?

आणि ही सगळी चिकित्सा माझ्या हौसेसाठी नव्हती, आईसाठी होती. आम्ही इमारतीत राहायचो. गेल्या वर्षी मी दुकानात आणि बायको तिच्या शिलाईच्या कारखान्यात असताना आई स्वयंपाकघरात पाय घसरून पडली. ओरडली. शेजारची दोन माणसं दारापर्यंत आलीही. पण दाराला माझं सगळ्यात भारी कुलूप. चोराच्या बापाला उघडणार नाही, अशी मी त्याची फुशारकी मारायचो. चोराला उघडलं नसतं ते शेजाऱ्यांनाही उघडलं नाही. माणसं नुकतीच राहायला आलेली, त्यांना माझं दुकान कुठे ते माहीत नाही, फोन नंबर माहीत नाही. थोडा वेळ थांबली आणि गेली. संध्याकाळी मी येईपर्यंत आई गार फरशीवर पडून होती.

पाय बरा झाला, भीती काही गेली नाही. आम्ही बाहेर पडलो की ती दाराजवळ खुर्ची टाकून बसायची आणि आम्ही येईपर्यंत उठायची नाही. तहान लागली तरी नाही. ते बघून माझा जीव तुटायचा. म्हणून मला अशी गल्ली हवी होती, जिथे माणसं मुळं धरून राहतात आणि कुणाच्या घरात कोण आहे हे एकमेकांना ठाऊक असतं.

एजंटनं दाखवलेली गल्ली पहिल्या नजरेत तशीच वाटली. शहराच्या कडेला, बैठी घरं, प्रत्येकापुढे हातभर अंगण. विकायचं होतं ते मधलं घर. मालकीणबाई लेकीकडे राहायला गेलेल्या. बायकोला घर आवडलं, हे तिनं ओट्यावरून हात फिरवला तेव्हाच मला कळलं. मी मात्र बाहेर येऊन दारं बघायला लागलो आणि माझ्या मनात पाल चुकचुकली.

दारं जुनी होती. रंगाचे पोपडे, झिजलेले उंबरे, पाण्याचे डाग. आणि कुलपं सगळी नवीकोरी. एका घराची नाही, दोन घरांची नाही, अख्ख्या गल्लीची. एकाच बनावटीची, एकाच चकाकीची.

"इथे चोऱ्या होतात का हो?" मी एजंटला विचारलं.

"छे छे. एकदम शांत एरिया आहे," एजंट फोनमधून डोकं वर न काढता म्हणाला. हा माणूस स्मशान दाखवतानाही हेच म्हणाला असता.

घरी आल्यावर मी बायकोला सांगितलं, नको. गल्लीनं एका झटक्यात कुलपं बदलली, म्हणजे एक तर चोर येऊन गेलेत, नाहीतर घरांचे मालक बदललेत. दोन्हीकडून गल्ली डळमळीतच.

"तुम्हाला माणसं दिसतच नाहीत का?" बायको चिडली. "त्या कोपऱ्यावरच्या बाई आपल्याकडे बघून हसल्या, ते दिसलं नाही. कुलूप तेवढं दिसलं."

"हसायला काय जातं?"

"मला एक गोष्ट सांगा. आई आणखी किती दिवस त्या खुर्चीत काढणार?"

शेवटी ठरलं, आईला घेऊन पुन्हा एकदा जायचं. एजंटला सवड नव्हती, त्यानं चावीच हातात दिली.

त्या दिवशी दोघी हळूहळू मागून येत होत्या आणि मी पुढे. नजर अर्थातच कुलपांवर. कुठे पटाशीचे व्रण दिसतात का, कुठे चौकट उचकटलेली आहे का, हे डोळ्यांत तेल घालून बघत होतो. त्या नादात आपल्याला बघायचं घर कुठलं हेच विसरलो. एका दारापुढे थांबलो, चावी घातली, फिरवली. लोण्यासारखी फिरली. दार ढकललं तर समोर एक धिप्पाड गृहस्थ बनियनवर, तोंडाला साबण फासून, दाढी करत बसलेले.

मी चावी काढून एक पाऊल मागे सरलो. गृहस्थ मात्र जागचे हललेसुद्धा नाहीत.

"शेजारचं घर बघायला आलात ना?" इतका मोठा आवाज की भिंती हादरल्या. गल्ली त्यांना भोंगा म्हणते, हे मला नंतर कळलं. "या, बसा. तोंड धुतो आणि चहा टाकतो. आजींना त्या उंच खुर्चीवर बसवा, उठायला सोपी."

आई निमूटपणे उंच खुर्चीवर बसली. मी हातातली चावी बघत उभा. "अहो, ही चावी तुमच्या कुलपाला कशी लागली?"

"सगळ्यांनाच लागते," भोंगा म्हणाले, आणि मग उठून खिडकी लावून घेतली. आवाज खाली आणायचा त्यांनी प्रयत्न केला. माझ्या नेहमीच्या आवाजाइतका आला. "कोपऱ्यावर आमच्या शाळेच्या बाई राहतात. निम्म्या गल्लीला त्यांनी शिकवलंय. सगळ्या घरांची एकेक चावी त्यांच्याकडे, पहिल्यापासून. भिंतीवर खिळे, खिळ्यांना चाव्या, प्रत्येकीला वेगळ्या रंगाची नाडी. कुणाचं पोर शाळेतून लवकर आलं, कुणी गॅस चालू ठेवून गेलं, की बाई आहेतच."

"मग?"

"मग बाई विसरायला लागल्या. ह्याची चावी त्याला, त्याची तिसऱ्याला. एकदा माझी सून तान्ह्या बाळाला घेऊन दाराबाहेर ताटकळली. बाईंनी आमच्या नाडीची चावी पुन्हा पुन्हा लावून बघितली, लागेना. नाड्यांचीच अदलाबदल झाली होती. बाई रडल्या हो. म्हणाल्या, आपापल्या चाव्या घेऊन जा, मी आता कामाची राहिले नाही."

भोंग्यांनी टॉवेलनं तोंड पुसलं. साबण केव्हाच निघाला होता, तरी पुसत राहिले.

"एवढं ऐकून कोण घेऊन जाणार? आम्ही सगळ्यांनी मिळून कॉमन चावीच्या कुलपांचा सेट आणला, गोदामांना लावतात ना, तसला. बाईंना सांगितलं, जुनी कुलपं गंजली. नव्या चाव्या त्यांच्याच नाड्यांना बांधल्या. आता बाई खिळ्यावरून कुठलीही चावी काढू देत, ती बरोबरच असते. अजूनही चष्मा लावून नीट शोधून देतात, आणि आम्हीही उभं राहून वाट बघतो."

मी कपाळाला हात लावला. धंद्यातला माणूस मी. एका चावीची अख्खी गल्ली म्हणजे माझ्या लेखी वेडेपणाचा कळस. असं कुणी दुकानात येऊन मागितलं असतं तर मी त्याला हाकलून दिलं असतं. "अहो, एक चावी हरवली तर?"

"तर नवी करून घेऊ," भोंगा म्हणाले. "तुम्ही काय काम करता?"

बायकोला हसू आवरेना. तिनं सांगितलं तेव्हा भोंगा माझ्याकडे टक लावून बघत राहिले. "मग तोंडालाही कुलूप असेल तुमच्या. बाईंना यातलं काही माहीत नाही. कळता कामा नये."

भोंग्यांच्या सुनेनं आणलेल्या चहाचा कप खाली ठेवून आई म्हणाली, "म्हणजे मी आत पडले, तर यांच्यापैकी कुणालाही येता येईल?"

"आजी, पडायचं कशाला? पण हो, येता येईल."

"मग हे घर घे," आई मला म्हणाली. शेजारचं घर तिनं अजून आतून बघितलंही नव्हतं.

आम्ही राहायला आलो. सामान लावताना बायकोनं माझी पिशवी उपसली आणि तळाशी ते भारी कुलूप सापडलं. ते नुसतं माझ्यापुढे धरलं. मी दुसऱ्याच दिवशी ते दुकानात नेऊन वरच्या फळीवर टाकलं. दुकानातच आमच्या दाराची एक चावी घासली आणि बाईंकडे नेऊन दिली. बाई बारीक, ताठ, डोळे हसरे. त्यांनी बराच विचार करून चावीला जांभळी नाडी निवडली, आणि भिंतीवर रिकामा खिळा शोधून अडकवली. "जांभळी तुमची," त्या म्हणाल्या. "विसरणार नाही मी."

"तुम्ही असताना काळजी कसली, बाई," मी म्हणालो.

दिवस बरे चालले होते. आईची खुर्ची दाराजवळून अंगणात गेली. मग एका दुपारी भोंग्यांचा दुकानात फोन आला. "आजी न्हाणीत घसरल्या. घाबरू नका, ठीक आहेत," असं ते म्हणत होते, पण मला घसरल्या एवढंच ऐकू आलं. दुकान तसंच टाकून धावलो. वाटेत डोळ्यांपुढे ती गार फरशी सारखी येत होती.

पोचलो तर आई पलंगावर, पाठीला उशी, घोट्याला ओली पट्टी. भोंग्यांची सून चहा गाळत होती. बाई आईच्या उशाशी बसलेल्या, अजून धापा टाकत, आणि हातात चावी. जांभळ्या नाडीची नव्हे, पिवळ्या.

"पडल्या पडल्या मी हाक मारली," आई म्हणाली. "अंग पुसेपर्यंत ह्या दारात हजर."

"हाक ऐकली आणि भिंतीकडे धावले," बाई म्हणाल्या. गाल लाल झाले होते, आवाजात अभिमान मावत नव्हता. "चष्मा लावायलाही वेळ नव्हता. एवढ्या चाव्या, पण हात गेला तो नेमका तुमच्याच चावीवर."

आईनं माझ्याकडे बघितलं. भोंगा खिडकीबाहेर बघायला लागले. मी बाईंच्या पायाशी खाली बसलो, त्यांच्या हातातली पिवळ्या नाडीची चावी बघितली आणि त्यांची बोटं तिच्यावर मिटवली.

"बाई," मी म्हणालो, "इतकी वर्षं कुलपांत घालवली, पण तुमच्यासारखा अचूक हात मी बघितला नाही."