तणमोराची चेष्टा

अल्पनाच्या पोटात दुखत होतं, आणि त्यावर ओवा चालणार नव्हता. दुखण्याचं नाव ईशानी. ईशानी म्हणजे तिची धाकटी जाऊ, तीन वर्षांपूर्वी देवासहून लग्न होऊन धारला आलेली.

तसं पाहिलं तर ईशानीचा गुन्हा एवढाच होता की तिला पळता येत होतं. माहेरी असताना रोज पहाटे देवासच्या टेकरीच्या पायऱ्या धावत चढायची सवय, ती तिनं सासरी येऊनही सोडली नाही. पळते तर पळू दे. पण पळता पळता तिनं अल्पनाचा पक्षी पळवला, हे मात्र अल्पनाला सहन होत नव्हतं.

पक्षी म्हणजे खरमोर, मराठीत तणमोर. कोंबडीएवढा जीव. पावसाळ्यात सरदारपूरकडच्या बीडांत, म्हणजे राखलेल्या गवताळ माळांत, येतो, आणि मादीनं बघावं म्हणून नर दिवसभर गवतातून टुणटुण उड्या मारतो. आता बीडंच उरली नाहीत, जिकडेतिकडे सोयाबीन, मग येणार कुठे? अल्पना शाळेत विज्ञान शिकवायची आणि चौदा पावसाळे सुट्ट्या टाकून, चिखलात रुतत, जळवा नि शेतकऱ्यांची बोलणी खात तणमोर मोजायची. मागच्या वर्षी तिला दोन दिसले. त्याच्या आदल्या वर्षी एकही नाही. चौदा वर्षांत तिला कुणी चहासुद्धा विचारला नव्हता.

आणि ईशानीनं काय केलं? एका संध्याकाळी भाजी निवडता निवडता म्हणाली, "वहिनी, आपण दौड ठेवली तर? दहा किलोमीटर. जो पळेल तो पैसे भरेल, सगळे पक्ष्याला." दोन महिन्यांत धारची दोनशे माणसं नाव देऊन मोकळी. देवासचा महाराष्ट्र समाज बस भरून यायला तयार. पेपरात फोटो आला, ईशानीचा, खाली ठळक अक्षरांत 'खरमोरवाली दीदी'. जिनं आयुष्यात एक तणमोर पाहिला नव्हता ती खरमोरवाली. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय. अल्पनानं तो पेपर डब्याखाली घातला, मग काढला, पुन्हा वाचला आणि पुन्हा जळली. ईशानी चांगली आहे हे तिला कळत होतं, आणि त्याचाच तिला जास्त राग येत होता. वाईट असती तर निदान मोकळेपणानं शिव्या देता आल्या असत्या.

जमलेल्या पैशांतून करायचं होतं एकच काम. सरदारपूरजवळ बापूसाहेबांचं नव्वद बिघ्यांचं बीड होतं, मागच्या वर्षीचे दोन तणमोर तिथलेच. यंदा त्यांच्या पुतण्यानं तिथे सोयाबीन पेरायचं ठरवलं होतं, ट्रॅक्टर सांगून ठेवला होता. पावसाळ्याभरासाठी बीड भाड्यानं घ्यायचं, म्हणजे गवत राहील आणि पक्षीही. बापूसाहेब ब्याऐंशीचे, जुन्या दरबारी घराण्यातले. घरात अजून आजोबांच्या वेळची मराठी बोलायचे आणि शब्द इकडचा तिकडे झाला तर जेवण टाकायचे. त्यांनी निरोप पाठवला, "समाजातर्फे येता आहात, तर चार अक्षरं मराठीत लिहा. दौडीच्या दिवशी वाचीन, मग सहीचं पाहू."

ईशानीचं शिक्षण सगळं हिंदीत. मराठी बोलायची कशीबशी, लिहायची तर बोंबच. तरी कागद घेऊन बसली, तास-दीड तास पेन चावत राहिली आणि मग कागद अल्पनापुढे ठेवला.

"वहिनी, जरा बघून द्या ना. टी-शर्टच्या पाठीवर हेच छापायचंय. माझी मराठी तर तुम्हाला पता आहे."

कागदावर होतं, 'तणमोर वाचविण्याची आमची छोटीशी चेष्टा.'

अल्पना धुळ्याची, मराठी शाळेत शिकलेली. तिला तो शब्द लगेच खुपला. हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. मराठीत चेष्टा म्हणजे काय ते शेंबडं पोरही सांगेल. अवघड 'ण' पोरीनं बरोबर काढला होता आणि सोप्या शब्दात आपटली होती.

एक शब्द खोडायचा होता. पेन हातातच होतं. पण डोळ्यांपुढे आली ती 'खरमोरवाली दीदी', आणि अल्पनाला वाटलं, हसू दे की लोकांना एकदा. बापूसाहेबांनाही कळू दे कुणाच्या नादी लागलेत. बीडाचं काय होईल, हे त्या घडीला तिच्या मनातच आलं नाही. आलं असतं तरी तिनं ते बाजूला सारलं असतं, खोटं कशाला सांगा.

"ठीक आहे," ती म्हणाली. "छान लिहिलंयस."

ईशानीनं तिला मिठी मारली.

जूनच्या पहिल्या रविवारी किल्ला मैदानावर दौड झाली. देवासची बस वेळेवर आली, पोहे-जिलेबीचा वास सुटला, ऊन चढायच्या आत दोनशेच्या वर माणसं सुटली. बापूसाहेब मांडवात खुर्चीवर, हातातली काठी दोन्ही गुडघ्यांमध्ये धरून. त्यांच्यासमोरून एकेक पाठ जाऊ लागली. चेष्टा, चेष्टा, चेष्टा. पहिल्या वीस-पंचवीस पाठींपर्यंत ते नुसते बघत होते. मग त्यांचा जबडा हलायला लागला. बाजूला उभ्या अल्पनाला आत्ता कुठे दिसलं की म्हातारा उठून गेला तर ईशानीचं नाक कापलं जाईल खरं, पण उद्या बीडात नांगर फिरेल.

दौड संपली. ईशानी लालबुंद चेहऱ्यानं, भाडेपट्ट्याचा कागद आणि माइक घेऊन बापूसाहेबांपुढे वाकली. बापूसाहेबांनी कागदाला हात लावला नाही.

"मुली," ते म्हणाले, "ही चेष्टा कोणाची?"

ईशानीचा चेहरा खुलला. हे कुणीतरी विचारावं म्हणून जणू ती दोन महिने थांबली होती. ती माइकमध्ये म्हणाली, "बापूसाहेब, ही सगळी चेष्टा माझ्या जाऊबाईंची आहे, अल्पनावहिनींची. चौदा वर्षांपासून त्या एकट्याच करतात, कुणी साथ नाही दिली. पेपरवाल्यांनी माझी फोटो छापली, ती त्यांची गलती. मी तर नुसती पळते."

मैदानानं टाळ्या वाजवल्या. चेष्टेचा अर्थ निम्म्यांच्या डोक्यात हिंदीच होता. पुढच्या रांगेतले तीन-चार म्हातारे तेवढे खोकले.

अल्पनाला वाटलं, जमिनीनं आपल्याला पोटात घ्यावं. चौदा वर्षं जे ऐकायला कान आसुसले होते ते आज माइकवरून ऐकू येत होतं, आणि त्यातला शब्द न् शब्द खरा होता. दोन्ही अर्थांनी.

बापूसाहेबांनी तिला खुणेनं जवळ बोलावलं. माइक ईशानीच्या हातातच होता, पण तिनं तो आता बंद केला होता.

"सूनबाई, छापण्यापूर्वी हे आपण वाचलं होतं?"

'नाही' म्हटलं असतं तर सुटली असती. ईशानीनंही मान डोलावली असती, पोरगी तशीच होती.

"वाचलं होतं," अल्पना म्हणाली. "मीच ठीक आहे म्हटलं."

"माहेर कुठलं आपलं?"

"धुळं."

"मग कळलं असणार." बापूसाहेबांनी हात पुढे करून कागद मागितला. "तुमच्या घरच्या हेव्यादाव्यात त्या पाखरानं काय घोडं मारलंय? ट्रॅक्टर थांबवतो. पण कागद आपल्या नावे होईल, सूनबाई. गवताची राखण आपण करायची, आणि पाटी लागेल तीही आपल्याच नावाची."

त्यांनी खोडून नाव बदललं आणि सही केली. अल्पनाला हवं होतं ते सगळं मिळालं, बीड, पक्षी, पाटी. तिनं कागद घेतला आणि तिला ईशानीकडे बघवेना.

"वहिनी," ईशानीनं हळूच विचारलं, "मराठीत चेष्टा म्हणजे दुसरं काही असतं काय?"

"थट्टा. मस्करी."

"मजाक."

"हो."

"आणि तुम्हाला पता होतं."

"होतं."

खुर्चीवर उरलेल्या टी-शर्टांची चळत होती, ईशानीनं त्यांची छापील बाजू आत जाईल अशी एकेक करून घडी घातली. घरात सगळे हिंदीत बोलायचे तेव्हाही अल्पनाशी ती हट्टानं मराठीतच बोलायची. अडखळत, लिंगं चुकवत, 'तुमच्याकडूनच शिकणार' म्हणत. तीन वर्षांत त्यात एकदाही खंड पडला नव्हता. शेवटची घडी घालून तिनं मान वर केली.

"भाभी जी," ती म्हणाली, "आप बता देतीं तो मैं उसी दिन ठीक कर लेती."

तिच्या हिंदीत काढायला एकही चूक नव्हती.