तीन बोटं जागा

सात ब्लँकेटं, जाड, करड्या रंगाची, कडेला लाल टाका.

केळं खाणारा सुतार.

एक फ्रिज. पत्ता बरोबर, मजला चुकला.

"स्वेटर काढा."

तळहातावर पेनानं लिहिलेले आकडे, घामानं पुसट झालेले.

जावई, चार पायांवर.

कठड्याचा लोखंडी खांब, हिरवा रंग उडालेला.

हे सगळं एकाच जिन्यातलं सामान आहे. आमच्या धंद्यात आधी सगळं रस्त्यावर उतरवून ठेवतात आणि मग एकेक जागेवर नेतात. तर आता नेते.

पायरी शून्य

लोकांची घरं हलवणं हा आमचा धंदा. टेम्पो मामाचा, ब्लँकेटं मामाची, नियमही मामाचे. माणसं तीन: मामा, त्याचा जावई आणि मी, त्याची भाची. मला सगळे 'वरची' म्हणतात, कारण जिन्यात मी कायम वरच्या टोकाला असते आणि उलट्या पावलांनी चढते. मामा खालच्या टोकाला. जावई जिथे कमी ओरडा बसेल तिथे.

नियम दोनच. पहिला, आधी गुंडाळायचं, मग उचलायचं. दुसरा, जिन्यात बोलायचं ते खालच्यानं. सगळं वजन त्याच्या अंगावर येतं, म्हणून शब्दही त्याचाच. वरच्यानं ऐकायचं.

हा दुसरा नियम फ्रिजमुळे आला. वरून मी "थांब" म्हणाले, खालून मामा "उचल" म्हणाला आणि मधल्या जावयानं दोघांचंही ऐकलं. फ्रिज घसरत आपला आपण दुसऱ्या मजल्यावर गेला. न्यायचा होता चौथ्यावर. त्या दिवसापासून मी जिन्यात तोंड उघडलं नव्हतं. जे सुचायचं ते कंसात ठेवायचे.

त्या दिवशीचं सामान टेलरबाईंचं होतं. पलीकडच्या रस्त्यावरचं त्यांचं दुकान बंद झालं होतं आणि शिवणकाम आता घरीच, तिसऱ्या मजल्यावर चालणार होतं. मशीन, इस्त्री, कापडाचे तागे, बटणांच्या बरण्या, उभा आरसा, सगळं दुपारी एकपर्यंत वर गेलं. राहिलं टेबल.

कापड बेतायचं टेबल. सात फूट लांब. वरची फळी अखंड, एकाच झाडाची. पाय त्या फळीत असे बसवलेले की स्क्रू नाही, खिळा नाही.

"पाय निघतात का?" मामानं आदल्या दिवशीच विचारलं होतं.

"माझे निघतील," बाई म्हणाल्या, "त्याचे नाहीत निघायचे."

मग मामानं टेबल मोजलं, जिना मोजला, जिन्याचं वळण मोजलं आणि आकडे तळहातावर लिहिले. "तीन बोटं जागा उरते," तो म्हणाला. "आरामात जातंय."

तरी बाईंनी सुताराला चार वाजता बोलावून ठेवलं होतं. टेबल गेलं नाहीच, तर मधोमध कापायचं, दोन तुकडे वर न्यायचे आणि बिजागऱ्यांनी जोडायचं. जुन्या दुकानाची किल्ली सकाळीच देऊन झाली होती. टेबलाला परत जायला जागा नव्हती.

"बिजागऱ्या लावल्या तर काय बिघडतं?" जावयानं विचारलं.

"फट पडते. चालती कात्री फटीवर येऊन थांबते. चाळीस वर्षं ती कधी थांबली नाही." बाईंनी फळीवर हात ठेवला आणि उचलला. "बघा बाबा. कापायला लागलं तर मला आधी बाहेर पाठवा."

पायरी १ ते १०

सात ब्लँकेटं गुंडाळली, पट्टे आवळले, टेबल कुशीवर केलं.

"हं. उचल. टेकव. हं. उचल." मामाचा आवाज खालून येतो आणि माझे पाय आपोआप चालतात. मला मामाचा चेहरा दिसत नाही. दिसतं ते करडं गाठोडं, आणि त्याच्या पलीकडे टक्कल.

"जावईबुवा, आपण उचलताय की सोबत करताय?"

"सोबतीचंही वजन असतं बाबा."

"ते कमी करा."

(हसू आलं. हसलेसुद्धा कंसात.)

पायरी ११

इथे जिना वळतो. तिसऱ्या मजल्यापर्यंत अशी पाच वळणं होती आणि हे पहिलंच. टेबल वळणात शिरलं, तिरपं झालं, आणि थांबलं.

मामाला सुचलेले उपाय, ज्या क्रमानं सुचले त्या क्रमानं: जोर. जास्त जोर. जावयाचा जोर. टेबल दुसऱ्या कुशीवर. टेबलाचे पाय भिंतीकडे. टेबलाचे पाय कठड्याकडे. खिडकीतून (बाईंच्या खिडक्यांना गज आहेत). पुन्हा जोर.

दोन तास गेले.

"मापानं जातंय," मामा म्हणाला. तळहात त्यानं टेबलासमोर धरला. "मग जायलाच पाहिजे."

"मोठ्यानं वाचून दाखवा बाबा. त्याला वाचता येत नसेल."

"भिंत फुगलीय," मामा म्हणाला.

"कालपासून?"

मामानं भिंत चाचपून बघितली. मी वरून दोघांकडे बघत होते आणि माझ्याकडे कंसात ठेवायलासुद्धा काही नव्हतं. मला सुचायचं ते मामासारखंच सुचत होतं: थोडा आणखी जोर.

पायरी ११, अजून

सुतार सव्वातीनलाच आला. सगळ्यात खालच्या पायरीवर बसला, करवत मांडीवर आडवी ठेवली आणि केळं सोलायला लागला. "घाई नाही," तो म्हणाला. हे जास्त वाईट होतं.

टेलरबाई त्याच्या शेजारी उभ्या होत्या. त्या करवतीकडे बघत नव्हत्या. कुठे बघावं हे न कळून त्यांनी गळ्यातली टेप काढली आणि पायऱ्या चढून मामाजवळ आल्या.

"हात वर करा."

"का?"

"माझे हात रिकामे राहिले की मी माणसं मोजते. टेबल वर गेलं तर त्यावर पहिलं जाकीट तुमचं."

"आणि नाही गेलं तर?"

"तर फटीसकट शिवीन. स्वेटर काढा."

"वरूनच घ्या की माप."

"स्वेटरचं माप घेऊन मी काय करू? जाकीट तुम्ही घालणार आहात."

मामानं कुरकुरत स्वेटर डोक्यावरून काढला. आतला मामा बराच लहान निघाला. बाईंनी पोटाभोवती टेप फिरवली.

"आकडा मोठ्यानं सांगू नका," मामा म्हणाला.

बाईंनी कानामागचा खडू काढून आकडा भिंतीवर लिहिला. जावई वाचायला वाकला. मामानं त्यावर तळहात ठेवला.

मी हे सगळं वरून, गाठोड्यावरून डोकावून बघत होते. स्वेटर. गाठोडं. स्वेटर. गाठोडं.

अकरा वर्षांत मी जिन्यात लाकूड पाहिलं नव्हतं. कपाट म्हणजे आमच्यासाठी उभं करडं, पलंग म्हणजे लांब करडं. टेबल मोजलं तेव्हा ते उघडं होतं. मोजून झाल्यावर आम्ही ते गुंडाळलं. गुंडाळणं हे आमच्यासाठी काम नाहीच, ते कामाच्या आधीचं असतं, दात घासण्यासारखं. ते कोण मापात धरतं?

(स्वेटर.)

(टेबलाचा स्वेटर.)

"मामा, टेबलाचा स्वेटर काढ."

सुताराचं केळं तोंडाजवळ थांबलं.

"कोण बोललं?" मामानं विचारलं. वर मी एकटीच होते.

"दोन्ही बाजूंना मिळून चार बोटं जाडी आहे ब्लँकेटांची," मी म्हणाले. "आणि तू म्हणालास, जागा तीन बोटं."

मामानं तळहात पाहिला. मग गाठोडं पाहिलं. मग परत तळहात. "उघडं न्यायचं? जिन्यातून? खरचटलं तर?"

"आणि करवतीनं काय गुदगुल्या होतात?" टेलरबाई म्हणाल्या.

पट्टे सुटले. सात ब्लँकेटं एकेक करून खाली गेली आणि जिन्यात टेबल निघालं. मधासारखा रंग, कडेला घासून गोल झालेले कोपरे, फळीवर जुन्या खडूच्या फिकट रेघा. सामान हलवताना सामान कसं दिसतं हे मी पहिल्यांदाच बघत होते.

"उचल," मामा म्हणाला.

टेबल वळलं. मघापेक्षा खूपच जास्त वळलं. आणि थांबलं.

पायरी ११, तरीही

"दिसतेय की जागा," मामा म्हणाला. त्याचा आवाज आता खरंच उतरला होता. "वर जागा आहे, बाजूला जागा आहे. तीन बोटं. डोळ्यांना दिसतेय. मग अडकलंय कुठं?"

चाराला दहा मिनिटं कमी होती. सुतारानं साल दुमडून खिशात ठेवली.

मी बघितलं. भिंतीचा कोपरा. टेबलाचं खालचं टोक, ज्याला त्या कोपऱ्यात शिरायचं होतं. आणि दोघांच्या मध्ये, पाठ भिंतीला लावून, टेबल छातीशी धरून, मामा.

"मामा," मी म्हणाले, "तू तीन बोटांचा आहेस का?"

"म्हणजे?"

"टेबल नाही अडकलं. तू अडकलायस."

आधी जावई हसला. मग सुतार. मग टेलरबाईंनी टेप तोंडावर धरली.

"मी कसा अडकेन?" मामा म्हणाला. "मी तर न्यायला आलोय."

"म्हणूनच तू मापात नाहीस."

मामा मान खाली घालून स्वतःकडे बघत राहिला, कुणीतरी नवीन माणूस आल्यासारखा. मग म्हणाला, "बरं. मी बाजूला झालो, तर खाली कोण?"

"कुणीच नाही."

"खाली कुणी नसताना सामान वर जात नाही गं."

हे त्यानं इतक्या खात्रीनं सांगितलं की माझाही क्षणभर विश्वास बसला. तीस वर्षं त्यानं पाठीवर घेऊनच सगळं वर नेलं होतं. मग माझं लक्ष शेजारच्या, कठड्याच्या हिरव्या खांबाकडे गेलं. आणि खाली पडलेल्या ब्लँकेटांकडे.

"ब्लँकेटं पायऱ्यांवर अंथर," मी म्हणाले. "टेबल त्यांच्यावरून सरकवू. पट्टे टेबलाला बांधायचे आणि या खांबाला दोन वेढे द्यायचे. सरकलं तेवढं आवळायचं. खांब धरेल, आम्ही वरून ओढू. तू कोपरा रिकामा कर."

"आणि बोलणार कोण?" जावयानं विचारलं.

सगळ्यांनी वर बघितलं.

पायरी ११ ते १२

आधी पट्टे खांबाला घट्ट बांधले. टेबल हलत नाही याची मामानं तीनदा खात्री केली. मग ओढायला माणसं वर हवी होती आणि वाट एकच होती, टेबलाच्या पायांमधून. जावई चार पायांवर निघाला.

"हे माझ्या मुलीला दाखवायला हवं होतं," मामा म्हणाला.

"तिनं बघितलंय," टेबलाच्या आतून उत्तर आलं.

"मी पण येतो," सुतार उठला.

"या," टेलरबाई म्हणाल्या. "ती करवत मात्र तिथेच राहू दे."

मामा वळणातून बाहेर पडला, खालच्या पायऱ्या उतरून पार तळाशी भिंतीच्या आड उभा राहिला. "हात कुठे ठेवू?" त्यानं विचारलं. बाईंनी त्याला त्याचाच स्वेटर दिला. तो त्यानं दोन्ही हातांनी, गुडघे वाकवून धरला.

मग मी बोलले. सुरुवातीला आवाज फार बारीक निघाला.

"ओढा. थांबा. भावजी, तुम्ही नका ओढू, वेढा आवळा. ओढा. थांबा. सुतारदादा, थोडं भिंतीकडे. अजून. ओढा."

ब्लँकेटांवरून टेबल कुरकुर न करता सरकलं. त्याचं खालचं टोक कोपऱ्यात शिरलं, अगदी मामाच्या जागेत, आणि वरचं टोक मोकळं होऊन माझ्याकडे वळलं. एखादी बाई गर्दीतून खांदा तिरका करून निघून जाते तसं.

"पट्टे बांधले," मी खाली सांगितलं. "ये आता."

मामा धावत आला. त्यानं भिंत आणि फळी यांच्यामध्ये हात घातला. पहिलं बोट, मधलं बोट, तिसरं बोट. करंगळी गेली नाही.

"तीन," तो म्हणाला. "बघ. मापात कुठं चूक होती?"

पायरी १२ ते ६६

बाकीच्या वळणांचं सांगण्यासारखं एवढंच, की प्रत्येक वेळी मागची ब्लँकेटं पुढे आणावी लागत होती आणि ते काम मामानं घेतलं. टेबल बांधलं की तो ब्लँकेटं ओढत पायांमधून वर यायचा, अंथरायचा आणि परत खाली जायचा. तिसऱ्या वळणाला तो आतून म्हणाला, "इथून जिना वेगळाच दिसतो." चौथ्याला शीळ घालत होता. पाचव्याला त्यानं आतूनच विचारलं, "वरची, आता काय?" आणि मी सांगितलं.

तिसरा मजला

टेबल खिडकीजवळ ठेवलं. उजवीकडच्या पायाला एक चरा पडला होता, नखाएवढा. मामा त्यावर बोट फिरवून माफी मागायला लागला, पण बाईंचं लक्ष नव्हतं. त्यांनी निळ्या कापडाचा तागा फळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत उलगडला, हातानं सपाट केला आणि मोठी कात्री घेतली.

"ऐका," त्या म्हणाल्या.

आम्ही चौघं भिंतीला टेकून उभे राहिलो. कात्री एका टोकाला सुरू झाली आणि सात फूट एकच आवाज करत गेली. कुठेही थांबली नाही.

"हे जाकिटाचं?" जावयानं विचारलं.

"पाठीचं."

"एवढं कापड लागतं?"

"जावईबुवा," मामा म्हणाला, "ब्लँकेटं झटकायला घ्या."

खाली टेम्पोपाशी मामानं तळहातावरचे आकडे शर्टाला पुसले. दुसऱ्या दिवशी एक कपाट होतं, पाचव्या मजल्यावर न्यायचं. त्यानं घड्या घातलेल्या ब्लँकेटांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"उद्याचं गुंडाळायचं का गं?"

अकरा वर्षांत त्यानं हे मला कधी विचारलं नव्हतं.

"आधी जिना बघू," मी म्हणाले. कंसाबाहेर.

सव्वातीन वाजता टेलरबाईंनी भिंतीवर खडूनं लिहिलेला मामाच्या पोटाचा आकडा चव्वेचाळीस होता.